एका घराला एकच फोटो

हार्ड डिस्क आणली त्या दिवशी मी मोबाईलमधले सगळे फोटो तिच्यात भरले, आणि मग डोकं चालवून तिच्यातले सगळे परत मोबाईलमध्ये भरले. दोन्हीकडे असावेत म्हणून. झालं असं, की प्रत्येक फोटो दोनदा दिसू लागला आणि ‘जागा नाही’ म्हणत मोबाईलने अंग टाकलं. नाशिकला शिकणाऱ्या लेकीला फोन केला. ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, “बाबा, आता एकेक बघून जादाचे काढा. दुसरा इलाज नाही.”

दिवाळीची सुट्टी होती. जव्हारच्या घरी, ओटीवर बसून कामाला लागलो. मी ग्रामसेवक. मोखाडा तालुक्यातल्या एका गावाचा कारभार माझ्याकडे, त्यामुळे मोबाईलमध्ये घरच्या माणसांपेक्षा सरकारी योजनेतली घरकुलंच जास्त. पाया खणला, फोटो. जोतं झालं, फोटो. छत पडलं, फोटो. ज्याचं घर तो समोर उभा पाहिजे, हातात नाव-नंबराची पाटी पाहिजे, आणि पाटीवरचं अक्षर वाचता आलं पाहिजे. पाटी धरणाऱ्याचा चेहरा कसा आलाय, हे मी कधी बघितलं असेल असं वाटत नाही.

तेव्हा मी नियम केला: एका घराला एकच फोटो. सरळ आलेला, पाटी वाचता येणारा. वाकडे, हललेले, डोळे मिटलेले सगळे बाद. बायको चहा घेऊन आली, थोडा वेळ बघत उभी राहिली.

“अहो, माणसं निवडताय की तांदूळ?”

“याला शिस्त लागते,” मी म्हटलं.

मग हार्ड डिस्क कोरी करून निवडलेले तेवढे तिच्यात भरले. आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर. इतकं नेटकं काम मी उभ्या नोकरीत केलं नव्हतं. पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगत होतो.

जानेवारीतला मोखाड्याच्या बाजाराचा दिवस. पंचायत समितीच्या आवारात गावातला एक माणूस माझी वाट बघत बसला होता. हातात सुकटीची, सुक्या मासळीची पिशवी. त्याची बायको डिसेंबरात तापाने गेली, मृत्यूची नोंद मीच केली होती.

“भाऊसाहेब, तिचा फोटू पायजे. तुमचे मोबाईलात हाय.”

“आधारकार्डावर आहे की.”

“ती नाय ती. नातू घाबरतो तो फोटू बघून.”

मला हसू आलं, त्यालाही आलं. आधारवर आपण कोणीच आपल्यासारखे दिसत नाही. त्याच्या मुलाच्या मोबाईलमध्ये काही होते, तो मोबाईल वसईकडे रेतीच्या बोटीवर काम करताना खाडीत पडला. राहिला माझाच.

“ती सांगायची मना,” तो म्हणाला, “भाऊसाहेबाचे फोटूत मी लय चांगली दिसते. त्यांनी दाखवला म्हणे.”

मी तत्परतेने मोबाईल काढला. गाव, त्यात पाडा, त्यात घर. दोन मिनिटांत सापडला. माझ्या शिस्तीचा मला अभिमान वाटला, फोटो उघडेपर्यंत.

फोटोत जोतं सरळ होतं. पाटीवरचं नाव ठळक होतं. खाली अक्षांश-रेखांशसुद्धा आले होते. आणि पाटीच्या वर कपाळावरचं गोंदण आणि पदराची कड. ‘बाई, पाटी वर धरा, अजून वर,’ असं मीच तिला सांगितलं होतं.

मी मोबाईल त्याच्यापुढे धरला. मग त्याने बोट काचेवर ठेवलं आणि हळूच एका बाजूला सारलं. पुढच्या घराचा फोटो आला. मी परत मागे आणला.

“ही पाटी बाजूला नाय होत?”

“नाही होत.”

“असू द्या. हात तिचेच हायेत.”

तेव्हा मला दुसरा फोटो आठवला. सबंध घर मावावं म्हणून मी मागे मागे सरत होतो, तो थेट रेतीच्या ढिगावर बसलो. पडता पडता बटण दाबलं गेलं. फोटो आला तिरपा, अर्धं आभाळ. तिची पाटी कमरेपर्यंत खाली आलेली, एक दात पडलेला, आणि ती तोंड उघडून हसतेय. मी कपडे झटकत तो तिला दाखवला होता. आणखीच हसली. नवरा तेव्हा भिवंडीकडे कामाला होता.

तो फोटो मी काढून टाकला होता. वाकडा होता म्हणून. पुसलेले फोटो मोबाईलच्या कचऱ्यात महिनाभर राहतात म्हणे, महिना कधीच उलटला होता. हार्ड डिस्क तर मीच कोरी केलेली. पाटीचा फोटो मात्र तीन ठिकाणी सुरक्षित.

“दुसरा नव्हता काढला?” त्याने विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

बाजारातल्या फोटोवाल्याकडून मोठी प्रत काढून, प्लास्टिकमध्ये घालून त्याला दिली. तो सुकटीच्या पिशवीत ठेवायला लागला, मग थांबला, पिशवी मला धरायला दिली आणि फोटो सदऱ्याच्या आत, छातीशी सारला.

“तुमी काढला म्हणून एवढा तरी हाय,” म्हणाला, पिशवी परत घेतली आणि जीपकडे गेला.

घरी आलो तर बायको नाचणी पाखडत होती. तिला सगळं सांगितलं. ढिगावर पडलो ते सांगताना नेहमी ती हसते, या वेळी हसली नाही. सूप खाली ठेवलं.

“दुसरा नव्हता, असं सांगितलंत?”

“हो.”

“ती हसली होती, हे?”

“नाही सांगितलं.”

ती परत सूप उचलून म्हणाली, “मग उद्या जा त्याच्या घरी. फोटो होता आणि तुम्ही घालवलात, हे आधी सांगा. मग ती कशी हसली ते सांगा, पडून दाखवावं लागलं तरी दाखवा. आणि तो मोबाईल इथेच ठेवून जा.”