सुटा कारागीर

पेणच्या गणपती कारखान्यांत कमळाकर मूर्तींचे डोळे आखायचा. तो कुणा एकाचा कामगार नव्हता. बोलावणं आलं की आपले कुंचले घेऊन जायचा, मनाला येईल तेव्हा घरी बसायचा. "आपण सुटे कारागीर. डोक्यावर मालकाचा ताप नाय," असं ऐटीत सांगायचा. त्याची लेक मृणाली रोह्याला दिलेली. ती घरी बसून कॉम्प्युटरवर जाहिराती बनवून देते. एकदा ती म्हणाली, "बाबा, याला फ्रीलान्स म्हणतात. मीपण तुमच्यासारखीच." तो शब्द त्याला इतका आवडला, की पानाच्या टपरीवरही त्याने त्याचा अर्थ समजावला.

गेल्या वर्षी त्याच्या हाताला कंप सुटला. एका मोठ्या मूर्तीचा डावा डोळा ओघळल्यासारखा झाला. कारखानदार विशालने त्याला पुन्हा बोलावलं नाही. हळूहळू बाकीच्यांनीही बोलावणं सोडलं. ऐन हंगामातही फोन वाजेना, तेव्हा कमळाकर स्वतःच गेला.

"विशाल, मला काढलंस व्हय?"

विशालने खुर्ची पुढे केली, चहा मागवला. "काका, काढायला नोकरीवर ठेवलं होतं कुठं? तुम्ही स्वतंत्र माणूस."

विशाल चिडला असता, तर भांडता तरी आलं असतं. समोर एक नवा कारागीर डोळे आखत होता. कमळाकर चहा संपवून उठला.

पुढे रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत पहारेकरी हवेत असं कळलं, म्हणून तो तिकडे गेला.

"याआधी नोकरी कुठं केलीत?" तिथल्या माणसाने विचारलं.

"कुठंच नाय. माझं स्वतःचंच काम होतं."

"मग तुमच्याबद्दल विचारायचं कुणाला?"

विशालचं नाव सांगावं, तर तो हाताच्या कंपाचं सांगणार. तो माणूस नरमाईने म्हणाला, "वयही झालंय हो तुमचं."

परतताना तो रोह्याला लेकीकडे उतरला. मृणाली तापाने फणफणली होती आणि तशीच कामाला बसली होती.

"पड की गो जरा."

"आज द्यायचंय, बाबा. नाही दिलं तर काम दुसऱ्याकडे जाईल. मला रजा कोण देणार?"

नोकरी बघ, असं ओठांवर आलं होतं, पण आत्ताच कंपनीच्या फाटकावरून आलेल्या माणसाने ते कोणत्या तोंडाने म्हणायचं? त्याने पट्टी भिजवून तिच्या कपाळावर ठेवली. हात हलला आणि पाणी तिच्या डोळ्यांत गेलं. तिने ते ओढणीने पुसलं आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागली.