झाकणावरचं कुलूप

चाळीस ड्रम डॉकवर लागले होते, ट्रकचं मागचं फाळकं उघडं होतं आणि निलेश माझ्यापुढे लोडिंग स्लिप धरून म्हणत होता, "काका, सही मारा. गाडी निघू दे."

मी स्लिप हातात घेतली नाही. मी ड्रमची झाकणं बघत होतो.

निलेश आमच्या गोदामाचा मालक. गोदाम काल्हेरला, पण तो आणि मी दोघे अंजूरचे. त्याच्या बापाबरोबर मी खाडीत जाळी टाकली आहेत, म्हणून मला काका म्हणतो. मी त्या गोदामात एकतीस वर्षं मुकादम. मुकादम म्हणजे हमालांच्या टोळीचा पुढारी. कुठला माल कुठे लावायचा, कशाच्या शेजारी काय ठेवायचं नाही, कुठली गाडी आधी भरायची, ते मी ठरवतो. माल बाहेर जाताना स्लिपवर तीन सह्या लागतात. एक गोदामाची, एक पार्टीची, म्हणजे ज्याचा माल त्याची, आणि एक माझी. माझ्या सहीचा अर्थ सोपा आहे. जो माल आत आला तोच बाहेर चालला आहे.

मी चौथी शिकलो. मराठी वाचतो, इंग्लिश वाचता येत नाही. केमिकलच्या ड्रमवर सगळं इंग्लिशच असतं. आणि खरं सांगायचं तर लेबलावर माझा भरवसाही नाही. आमच्या टोळीतल्या धर्मा नावाच्या गड्याचा उजवा डोळा लेबलाने घेतला. पावसाळी दमटपणाने एका ड्रमचं लेबल गळून पडलं, कुणीतरी उचलून ते शेजारच्या ड्रमला चिकटवलं, आणि धर्माने साबणाचा ड्रम समजून तेजाबाचं बूच उघडलं. त्या दिवसापासून मी माझी रीत पाडली. माल उतरला की पार्टीच्या कागदावर काय आहे ते ऑफिसात विचारायचं आणि प्रत्येक झाकणावर स्वतःच्या हाताने गेरूने खूण काढायची. आग धरणाऱ्या मालाला त्रिशूळ. तेजाबाला थेंब. विषाला साप. आणि ज्या मालाला सरकारी परवाना आल्याशिवाय हलवायचं नाही, त्याला कुलूप. गेरूत मी डिंक घालतो, म्हणजे खूण टिकते.

ऑफिसातली पोरं याला काकांची रांगोळी म्हणायची. म्हणू दे. त्यानंतर आजपर्यंत दुसऱ्या कुणाचा डोळा गेला नाही.

तर त्या चाळीस ड्रमवर कुलूप होतं. आठ दिवसांपूर्वी मीच काढलेलं. तेव्हा निलेशनेच सांगितलं होतं, "काका, परवाना येईपर्यंत याला हात लावायचा न्हाय." आदल्या दिवशी मी खारबावला व्याह्यांच्या तेराव्याला गेलो होतो. परत येऊन बघतो तर ड्रमच्या पोटावरचं लेबल नवं कोरं. आधी लाल पट्ट्याचं होतं, आता निळ्या फुलाचं.

"परवाना आला का?" मी विचारलं.

"याला लागत न्हाय परवाना. लेबल बघा ना. सॉफ्टनर हाय, कपड्याला मऊ करायचं."

"मना इंग्लिश येत न्हाय, निलेश. मी झाकान बघतो. झाकानावर कुलूप हाय."

"ते तुमचं जुनं काढलेलं हाय."

"ड्रमपन जुनाच हाय. पोचा बघ. उतरवताना रामनरेशच्या हातून पडला होता, त्याच पोच्याचा हाय हा."

रामनरेश आमच्या टोळीतला जौनपूरचा माणूस. तो लांबून म्हणाला, "हाँ मुकादम, वही है. मेरे पाँव पे गिरा था, मैं भूलूँगा क्या."

आता हा माल काय होता ते सांगतो. त्याचं नाव मला उच्चारता येत नाही. कापडावर रंग छापताना डाइंगवाले ते वापरतात, म्हणजे भिवंडीला नवीन काही नाही. पण त्याच मालापासून युद्धातला विषारी वायूही करता येतो. हे मला कसं माहीत? काही महिन्यांपूर्वी गोदामवाल्यांसाठी भिवंडीत एका हॉलमध्ये सरकारी ट्रेनिंग होतं. मालकांना वेळ नव्हता. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून त्यांनी आपापले क्लार्क आणि मुकादम पाठवले. बाकीचे जेवणापर्यंत थांबले. मी शेवटपर्यंत बसलो.

तिथले साहेब हिंदीत बोलत होते. म्हणाले, एकच ड्रम साडीवर फूल उमटवतो आणि चुकीच्या हातात गेला तर माणसाची कातडी आणि फुप्फुसं जाळतो. म्हणून असा माल देशाबाहेर पाठवायचा तर कोण घेतंय, कशाला घेतंय, ते सरकारला सांगून परवाना काढावा लागतो.

मी हात वर केला. विचारलं, "साहेब, आपल्याकडे ॲटम बॉम्ब आहे. ते चालतं. मग वायूचंच एवढं का?"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "बॉम्बबद्दल देशाचं धोरण असं आहे की आपण आधी टाकणार नाही. कुणी आपल्यावर टाकला तर सोडणार नाही. वायूबद्दल तसं नाही. तो आधीही नाही आणि नंतरही नाही. बनवायचा नाही, ठेवायचा नाही, दुसऱ्याला बनवायला मदत करायची नाही. आपल्याकडे होता. आपण जगासमोर कबूल केलं, करारावर सही केली आणि सगळा नष्ट केला. बाहेरची माणसं येऊन तपासून गेली."

हे मला आवडलं. आपल्याकडे आहे हे चारचौघांत सांगायचं आणि मग स्वतःच्या हाताने संपवायचं, याला छाती लागते. मी साहेबांचं कार्ड मागून घेतलं आणि आधार कार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलं.

निलेशला हे सगळं मी तेव्हाच येऊन सांगितलं होतं. त्यावेळी तो मोबाइल बघत होता.

डॉकवर आवाज वाढला तसे पार्टीचे दिवेकर गाडीतून उतरले. अंधेरीचे. पांढरे बूट. बंदरावर कंटेनर किती वाजेपर्यंत आत घेतात त्याची वेळ ठरलेली असते, ती टळली की जहाज जातं. म्हणून घाईत होते.

"काय प्रॉब्लेम आहे?"

"मुकादम सही करत नाहीत," निलेश म्हणाला.

दिवेकर माझ्याकडे वळले. "आजोबा, तुम्हाला केमिस्ट्री कळते का?"

"नाही."

"मग?"

"तुम्हाला कळते ना? मग लेबल का बदललंत?"

रामनरेश खोकला. हसू दाबायचं असलं की तो खोकतो. दिवेकरांनी ट्रकच्या क्लीनरला बोलावलं, रॉकेल आणि फडकं घ्यायला लावलं आणि सगळी झाकणं पुसून घेतली. चाळीसच्या चाळीस. मी उभा राहून बघितलं. एकतीस वर्षांत माझी खूण माझ्यासमोर कुणी पुसली नव्हती. फडकं लाल झालं.

"आता कुठंय कुलूप?" दिवेकर म्हणाले.

"तुमच्या फडक्याला लागलंय."

निलेशने मला कोपऱ्यात घेतलं. आवाज खाली आणला. "काका, माल कपड्याचाच हाय. पार्टी बोलते, परवान्याला दोन-तीन महिने लागतात. एवढे दिवस कोन थांबतो? ही पार्टी गेली तर अर्धा गोदाम रिकामा व्हईल. तुमची टोळी काय खाईल?"

हे बोलणं खोटं नव्हतं. माझ्या टोळीत अकरा माणसं. घरं माझ्या शब्दावर चालतात. मी एकदा टोळीकडे बघितलं. मग म्हणालो, "कपड्याचाच असला तर परवान्यात तेच लिवायचं. लपवायचं कशाला?"

"आन् सही न्हाय केली तर उद्यापासून तुमी कामावर न्हाय. मग मना बोलू नका."

"मी कशाला बोलू? तुझं गोदाम हाय. सही माझी हाय."

त्याने नाक्यावर फोन करून बाहेरचे हमाल मागवले. पाच जण रिक्षातून आले. मी डॉकच्या कडेला, ट्रक आणि ड्रमच्या मधे, खाली बसलो होतो. माझी टोळी माझ्या मागे बसली. मी कुणाला बसायला सांगितलं नव्हतं. आलेल्यांतल्या म्होरक्याने माझ्याकडे बघितलं. "मुकादम, मना किया है क्या?"

"हाँ, मना किया है."

तो निलेशकडे वळून म्हणाला, "सेठ, रिक्षा का किराया दे दो." बस. एका मुकादमाने नाकारलेला माल दुसरा हमाल उचलत नाही. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण भिवंडीच्या पट्ट्यात ज्याला पुन्हा काम हवं असेल तो हे मोडत नाही.

मग मी कार्ड काढलं आणि सगळ्यांसमोर फोन लावला. ट्रेनिंगमध्ये साहेब म्हणाले होते, नाव सांगितलं नाही तरी चालेल. मी सांगितलं. बाळाराम मुकादम, राहणार अंजूर. साहेबांनी तीनच प्रश्न विचारले. माल कुठे आहे, लेबल कुणी बदललं, गाडी निघाली का. म्हणाले, "गाडी थांबवून ठेवा. माणसं पाठवतो."

"थांबलेलीच आहे साहेब, मी तिच्या तोंडाशी बसलोय."

दिवेकर तासाभरात निघून गेले. मीटिंग आहे म्हणाले. निलेश ऑफिसात जाऊन बसला. आम्ही डॉकवरच भाकरी सोडून खाल्ली. चारच्या सुमाराला जीप आली. तिघे जण होते. त्यातल्या बाईसाहेब वयाने माझ्या मुलीएवढ्या.

निलेश बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, यांचा गैरसमज झालाय. झाकणावर काहीच नाही, बघा."

बाईसाहेब म्हणाल्या, "बाबा, तुमची खूण कुठे होती?"

मी दाखवलं. ड्रमच्या झाकणाला कडेने एक खाच असते. सपाट भाग पुसला जातो, खाचेत फडकं पोचत नाही. त्यांनी खाचेतून नख फिरवलं. नखात लाल गेरू आला. दुसऱ्या ड्रमला, पाचव्याला, विसाव्याला. मग त्यांनी निळ्या फुलाच्या लेबलाचा कोपरा हळूच सोलला. खाली लाल पट्टा निघाला. चिकटवणाऱ्यांनी जुनं काढायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते.

माल सील झाला. माझा जबाब घेतला. लिहिणाऱ्याने विचारलं, "हा रासायनिक शस्त्रांचा विषय आहे, हे तुम्हाला समजलं होतं?"

मी म्हणालो, "साहेब, मला एवढंच समजलं की देशाने एक सही करून ठेवली आहे. माझी सही तिच्या उलट कशी पडेल?"

त्यांनी ते तसंच लिहिलं. मी वाचून बघितलं, मग खाली सही केली. त्या दिवसातली पहिलीच.

तो माल परदेशात नक्की कुणाकडे चालला होता, ते मला आजपर्यंत कळलं नाही. कदाचित खरंच कुणी साड्या छापणार असेल. तसं असेल तर त्याच्या साड्या जरा उशिरा छापल्या गेल्या, एवढंच झालं. दिवेकरांची केस चालू आहे. निलेश त्यात साक्षीदार आहे. माल गेटच्या बाहेर पडला असता तर तो आरोपी झाला असता. हे मला त्याच्याच वकिलाने सांगितलं.

निलेशने मात्र दुपारी सांगितलेलं त्या संध्याकाळी पाळलं. "उद्यापासून येऊ नका, काका." मी गेरूचा डबा घेतला आणि घरी आलो. बायको म्हणाली, "वाकायचं तेवढं शिकला न्हायस आयुष्यात." मी म्हटलं, चौथीपर्यंत तो धडा नव्हता.

अकरा दिवस घरी बसलो. बाराव्या दिवशी सकाळी निलेश दारात. माफी वगैरे काही नाही. तशी त्याच्या बापालाही सवय नव्हती. चहा दिला तो घेतला, मग म्हणाला, "काका, साठ ड्रम उतरलेत. टोळी हात लावत न्हाय. झाकानांवर काय काढायचं ते कुनाला समजत न्हाय बोलतात."

"लेबल वाच ना. तुला इंग्लिश येतं."

त्याने कप खाली ठेवला. मी त्याला माझी अट सांगितली. यापुढे ज्या ड्रमवर कुलूप आहे त्याचा परवाना आधी माझ्या हातात द्यायचा, मराठीत वाचून दाखवायचा, मग मी माझ्या हाताने कुलूप पुसणार. दुसऱ्या कुणी फडकं लावायचं नाही.

"बरं," तो म्हणाला.

मी चहा संपवला आणि डबा उचलला.

सही करायला शिकायला मला शाळेत दोन वर्षं लागली होती. न करायला एका दुपारी शिकलो. गोदामात काम करणाऱ्याला दोन्ही यायला पाहिजे.