अंजनाबाईंच्या मीटरवरचा नंबर

आमच्या माण तालुक्यात अर्ज कुठलाही असो, त्यावर मोबाइल नंबर मुंबईतल्या पोराचा. गॅसला तोच, रेशनला तोच. वीज कार्यालयाच्या खिडकीत बसून मीही वीस वर्षं हेच केलं. नवे मीटर आले तेव्हा अंजनाबाईंच्या अर्जावर त्यांच्या मुंबईतल्या पोराचा, बिरदेवचा नंबर मीच टाकला. बाई समोर उभ्या होत्या, तरी त्यांना विचारलं नाही.

अंजनाबाई म्हणजे उभा जन्म मेंढरांमागं काढलेली बाई. साठी उलटल्यावर बिरदेवनं त्यांना हट्टानं घरी बसवलं. नव्या मीटरमुळे घरातला तासातासाचा विजेचा वापर त्याला मुंबईत मोबाइलवर दिसू लागला. पंखा दुपारभर चालला की फोन, दिवा लागला नाही की फोन. एकदा तर तीन दिवस मीटर हललाच नाही. बिरदेवनं भावकीच्या ग्रुपवर टाकलं, "आई परत मेंढरांमागं गेली, घराला कुलूप आहे."

दुसऱ्या आठवड्यात बाई तणतणत खिडकीशी आल्या.

"आवं सायब, मीटर कुणाच्या नावावर हाय?"

"तुमच्या."

"मग माज्या घरची खबर त्येला कुणी दिली? मला इचारलं व्हतं?"

ग्राहकाच्या संमतीशिवाय वापराची माहिती दुसऱ्याला देऊ नये, असा फलक माझ्याच डोक्यावर टांगलेला होता. मला मनापासून लाज वाटली. पोराची काळजी खोटी नव्हती, पण बाईंचं घरही बाईंचंच होतं. मी निमूटपणे नंबर बदलून त्यांचा टाकला.

बिरदेवला तसा मेसेज गेला असावा. पाचच मिनिटांत बाईंचा फोन वाजला. त्यांनी सवयीनं स्पीकर लावला.

"आई, नंबर का काढलास? आता मला कळायचं कसं तुजं?"

"इचारायचं. पयला इचारत व्हतास."

"बरी हायस न्हवं?"

"आता बरी हाय. डोळ्याचं आपरेशन झालं साताऱ्याला. तीन दिस तितंच व्हते."

"आन मला सांगितलं न्हाईस?"

"फोन उचलला की तू लाइटीचंच इचारायचास रं."

मग त्यानं हळूच विचारलं, "कुठला डोळा, आई?"