दारं बंद होताना

लेक कॉलेजच्या रग्बी संघात होती. बॉल छातीशी धरून, अंगावर येणाऱ्यांना चुकवत पळायचं, हे तिचं काम. एका सामन्यात तिच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर एकच प्रश्न, "मग, परत कधी खेळणार?" माझं डोकंच फिरायचं. गुडघा आहे तो, मिक्सर नाही, दुरुस्त करून आणला की लगेच सुरू!

शेवटी एकदाचे डॉक्टर म्हणाले, "गुडघा आता मजबूत आहे. खुशाल खेळ." लेक हसून थँक यू म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

परतताना बोना व्हिस्टा स्टेशनवर एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, उभीच होती. आम्ही फलाटावर पोचलो आणि दारं बंद होण्याची टूंटूं सुरू झाली. एरवी ही आधी आत घुसायची आणि इथल्या पोरांच्या बोलीत माझ्यावर ओरडायची, "आई, फास्ट लाह!" त्या दिवशी पर्स सावरत मीच धावले, कशीबशी आत शिरले. "बघ, आज तुला हरवलं," म्हणत वळले, तोवर दारं मिटली होती.

काचेपलीकडे ती गुडघ्यावर हात ठेवून उभी होती. ती पळालीच नव्हती.