अण्णांनी नाकारलेला चहा

१९६१ साली, तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी, पनवेलच्या आमच्या भाड्याच्या घराच्या ओटीवर मी अण्णांच्या हातात तीनशे एक रुपये विसार ठेवला. हजर तिघे : अण्णा, मी आणि माझी पत्नी. मालक घर विकतील तेव्हा ते साडेचार हजारांना आम्हालाच द्यायचं, असा शब्द झाला. अण्णांनी नोटा मोजल्या नाहीत. "तुमच्याकडचे पैसे काय मोजायचे, भाऊराव!" म्हणाले, आणि चहा घेऊन उठले. महिन्यापूर्वी ते गेल्याची बातमी आली तेव्हा मला आधी हा रविवार आठवला, मग त्यांचा चेहरा. हे बरं नाही, पण खरं आहे.

अण्णा मुंबईच्या एका मालकांचे इथले कारभारी होते, बावीस वर्षं. तीन चाळी, आमच्यासारखी पाच घरं आणि कळंबोलीकडची भातशेती. मालक वर्षातून एकदा येत, बाकी सारं अण्णा पाहत. आमची धाकटी पाळण्यात असताना आषाढात कौलं गळू लागली, तर कौलं बदलून होईपर्यंत हा माणूस पाळण्यावर स्वतःची छत्री धरून उभा राहिला होता... त्यांचा एक नेम सगळ्या गावाला माहीत होता. ज्या घराला नोटीस द्यायची, त्या घरचं ते पाणीही घेत नसत. "ज्याचा चहा प्यालो त्याला कागद कसा द्यायचा?" म्हणत. आम्ही त्याची थट्टा करायचो. निळ्या काठाचा कप पुढे करताना पत्नी म्हणायची, "घ्या अण्णा, म्हणजे आमचं घर पक्कं!"

पुढच्या श्रावणात त्यांनी चहाला नको म्हटलं. उपास, म्हणाले. भाद्रपदात पित्त झालं. पत्नीने कोकमाचं सरबत केलं, तेही राहिलं. मी त्यांना एका वैद्यांचं नाव सुचवलं! मालकांची शेती करणारे कळंबोलीचे पदाजी बाजारात भेटले, तेव्हा मी हे सहज बोललो. ते थांबलेच. "अण्णा तुमचे घरचा चा पीत नाय? मंग भाऊ, बोचकी बांदा." मला राग आला. तो नेम इतरांसाठी, आपल्यासाठी नव्हे, असं मी धरून चाललो होतो.

दिवाळीनंतर नोटीस आली. घर एका लाकडाच्या व्यापाऱ्याला सहा हजारांना गेलं होतं. मी तडक अण्णांकडे गेलो.

"मालकांनी श्रावणातच ठरवलं," ते म्हणाले. "माझ्या हातात काय होतं?"

"सांगणं होतं."

ते खाली बघत म्हणाले, "चहा घेत नव्हतो मी... तुम्हाला कळायला हवं होतं."

त्यानंतर मी त्यांच्या दारात गेलो नाही. श्रावणात एक शब्द बोलले असते तर हाताशी तीन महिने होते. बांगड्या मोडून, कर्ज काढून सहा हजार उभे राहिले असते की नाही, सांगता येत नाही. पण मालकांकडे जाऊन विचारता तरी आलं असतं. विसाराचं नाव मी काढलं नाही, त्यांनीही नाही.

गेल्या आठवड्यात वहिनी, अण्णांच्या पत्नी, आमच्या या नव्या दोन खोल्यांत आल्या. कापडी पिशवी पुढे ठेवून म्हणाल्या, "मालकांनी विसार परत केला, तेव्हापासून देव्हाऱ्यात होता. द्यायला हे चारदा निघाले, भाऊजी. तळ्यापर्यंत यायचे आणि मागे फिरायचे."

पत्नीने चहा आणला, त्याच निळ्या काठाच्या कपात. वहिनी त्या कपाकडे पाहत राहिल्या. मग सावकाश सगळा चहा प्यायल्या.

"मोजून घ्या," त्या म्हणाल्या.

मी मोजले. तीनशे एक, पूर्ण. अण्णांच्या पत्नीकडून मला मिळाले.