पोरगी पाहणाऱ्या नानांचा चष्मा

सोनगीरचे हिलाल नाना लग्नं जमवायचे. शेती भाऊ बघायचा. नाना खांद्यावर उपरणं टाकून कुणाच्या तरी मुलाची सोयरीक पाहायला निघालेले असायचे. पोहे खाऊन उठताना ते "पोरगी चांगली शे" म्हणाले, की सुपारी फुटली समजायचं. त्यांनी आजवर एकाही मुलीला नावं ठेवली नव्हती. लोक म्हणायचे, नाना मनाने मोठे. खरी गोष्ट अशी, की हातभराच्या पलीकडचं सगळं नानांना धुरकट दिसायचं. बांगड्यांचा आवाज आणि चहाची चव, एवढ्यावर त्यांची पारख चालायची.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात झुलाल पाटलाच्या मुलासाठी ते कापडण्याला गेले. मधल्या खोलीत अंधार होता. भिंतीशी गोधड्यांची चळत रचून तिच्यावर लाल चादर टाकलेली. मुलगी, वच्छला, चहाचं ताट घेऊन दारातच उभी होती. नानांनी घसा खाकरला आणि गोधड्यांना विचारलं, "नाव काय बेटी तुनं?"

गोधड्या गप्प.

"कितली शिकनी?"

तरी गप्प. नाना झुलालकडे वळून कौतुकाने म्हणाले, "पोरगी लाजाळू शे. पन बांधा मजबूत शे!"

दारात वच्छलाच्या हातातले कप खडखडले. तिने पदर तोंडात कोंबला, पण हसू काही आवरेना.

झुलाल हळूच म्हणाला, "नाना, त्या गोधड्या शेतस."

मुलीचा बाप आधी हसला, मग सगळं घर. इतकं हसल्यावर देण्याघेण्यावरून ताणायला कुणाला जमेना, सोयरीक तिथेच ठरली. नाना मात्र घरी येऊन दोन दिवस ओट्यावर बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको भिकुबाई त्यांना एस.टी.त घालून धुळ्याला घेऊन गेली.

डॉक्टरने डोळे तपासून चिठ्ठी दिली. ती घेऊन दोघं मगनशेठच्या चष्म्याच्या दुकानात शिरले. नानांनी चिठ्ठी खिशातच ठेवली आणि कपाटातली सगळ्यात मोठी सोनेरी फ्रेम उचलली.

"आधी नंबर दाखवा, आबा," मगनशेठ म्हणाले. "हं, मायनस साडेतीन. ही काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. जेवढी फ्रेम मोठी, तेवढी कड जाड. नाकावर ओझं होईल. ही छोटी तपकिरी घ्या."

"छोटी पोरास्नी. मी चार लोकास्मा बसस."

"आणि एक लक्षात ठेवा. वाचताना चष्मा काढायचा."

नाना थक्क झाले. "बठ्ठं गाव वाचाले चष्मा लावस, नि मी काढू? लोक म्हनतीन, याले येडं लागनं!"

"तुमचे डोळे जवळचं बघायला धडधाकट आहेत. अडचण लांबची आहे. अक्कांचं उलटं असेल," मगनशेठ भिकुबाईकडे बघत म्हणाले.

त्यांनी एक प्लस दोनचा चष्मा भिकुबाईच्या नाकावर ठेवला. तिने हातात धरलेल्या कॅलेंडरवरची बारीक तिथी धडाधड वाचून दाखवली. मग तोच चष्मा लावून तिने लांब उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो धुरकट दिसला, तेव्हा म्हणाली, "आसाच बरा दिखस."

नानांनी हट्टाने सोनेरी फ्रेमच बनवून घेतली. आठवडाभरात नाकावर दोन लाल खड्डे पडले. मान खाली घातली की चष्मा ताटात. भाजीतून चष्मा तिसऱ्यांदा काढताना भिकुबाईचा संयम सुटला.

"तुमले काय घोडावर बसनं शे? निघा धुळाले!"

छोटी तपकिरी फ्रेम कानामागे नीट बसली. दुकानाबाहेर येताच नानांना समोरच्या एस.टी.वरची पाटी वाचता आली. ती त्यांनी रस्त्यात उभं राहून मोठ्याने दोनदा वाचली.

त्यानंतर नानांच्या कामाला भलतंच वळण लागलं. मुली त्यांना पूर्वीसारख्याच चांगल्या वाटल्या. पण शेजारी बसलेले नवरदेव त्यांना पहिल्यांदाच नीट दिसायला लागले. एकाचे दात तंबाखूने काळे, एक मुलीच्या बापाशी बोलतानाही आरशात भांग बघणारा. नाना तिथल्या तिथे सांगून टाकत. मुलांच्या बापांनी त्यांना बोलावणं सोडलं. मुलींचे बाप मात्र थेट साक्रीपासून यायला लागले. आता नाना मुलाला उजेडात, दारासमोर बसवायचे, तपकिरी चष्मा उपरण्याने पुसायचे आणि म्हणायचे, "हां, आते हास जरासा, भाऊ."