खिशातली सुतळी

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी चोरून खाल्लेल्या जिलेबीचंही सांगतो.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. नांदेडात मोटारी मोजक्या, आणि मला चालवता यायची म्हणून मी स्वतःला सुभेदारच समजायचो. मोटार माझी कुठली? शेजारच्या करीमभाईंची. तिच्या डाव्या दाराची कडी गेलेली, म्हणून ते दार आतून सुतळीनं बांधायचे. माझी सहा वर्षांची भाची कुसुम, तिला आजोळाहून नायगावला ताईकडे सोडायचं होतं. करीमभाई गाठ आवळत म्हणाले, "सुतळी सोडू नको, भाऊ. लेकरू बसून राहिलंय त्या बाजूनं."

"हाव, हाव," म्हणत मान डोलावली. पण नायगाव दिसलं आणि — काय सांगू? असल्या थाटात बहिणीच्या सासरी जायचं? लोक म्हणतील, मोटार आणली का कडब्याची पेंढी? वेशीबाहेर थांबलो. काच पुसली, भांग पाडला, आणि सुतळी सोडून खिशात घातली.

"मामा, दार हालायलंय," कुसुम म्हणाली. मी तिला गप बसवलं.

चावडीपाशी भोंगा वाजवत ऐटीत वळण घेतलं. माणसं बघायला उठली — आणि दार उघडून पोर बाहेर.

वाचली. हात मोडला. आणि मी काय बोललो? "हिनंच सुतळी सोडली."

संताप येतो तो इथं! ती गाठ मला दातांनी सोडावी लागली होती हो. सहा वर्षांच्या पोरीच्या बोटांना सुटली असती? एकानं तरी विचारायचं! पण मोटार चालवणाऱ्या शहाण्याला खोटं कोण म्हणणार? हाताला फळ्या बांधलेल्या लेकीला ताईनं थोबाडीत दिली. आणि हा शूर मामा — बशीत चहा ओतून फुंकर घालत होता. सुतळी खिशात.

कुसुम माझ्याकडे नुसती बघत राहिली. पुढं घरात रोज तेच ऐकून तिला तसंच आठवायला लागलं — हे तर मारापेक्षा वाईट.

आता ती आजी झाली. गेल्या दिवाळीत नातवंडांना गाडीत बसवताना तिनं प्रत्येक दार दोनदा ओढून पाहिलं. मग वाकडं कोपर पुढं केलं. "दाराला हात लावायचा न्हाई. मी लावला होता, बघा."

पोरं हसली. पुढच्या सीटवर मी होतो. मीही हसलो.